'गारदी' म्हणजे मारेकरी का? एका फ्रेंच शब्दाचा औरंगाबाद ते शनिवारवाडा प्रवास

१९ फेब्रुवारी. छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक. ढोल-ताशा थांबतो, एक तरुण शिवरायांच्या पुतळ्यासमोर येतो, छाती भरून श्वास घेतो आणि महाराजांच्या पदव्या खड्या आवाजात एकेक करून पुकारतो. संध्याकाळपर्यंत असे कितीतरी व्हिडिओ स्टेटसवर फिरत असतात. त्याखाली शब्द असतो, 'गारद'.

दुसऱ्या दिवशी पेपरात क्रीडा पानावर बातमी असते, 'पाहुणा संघ १२० धावांत गारद'.

शाळेतल्या इतिहासात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केलेला असतो. राजकीय वादात कुणीतरी कुणाला 'भाडोत्री गारदी' म्हणतं. आणि रेल्वेच्या शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा घेऊन उभा असतो तो 'गार्ड'.

हा सगळा एकच शब्द आहे का? बहुतेक सगळा, पण एक अपवाद सोडून. आणि त्या शब्दाचं मूळ ना संस्कृतात आहे, ना फारसीत. ते आहे फ्रान्समध्ये. मराठीत तो रुजला त्या काळात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, या गोष्टीच्या अगदी मध्यभागी होतं.

मूळ शब्द काय आहे?

फ्रेंचमध्ये एक साधा शब्द आहे, 'गार्द'. अर्थ पहारा, राखण, आणि राखण करणारा माणूससुद्धा. त्याचं क्रियापद 'गार्दे', म्हणजे सांभाळणं, जपून ठेवणं.

हा शब्द फ्रेंचमध्ये आजही रोजच्या वापरात आहे आणि तो फक्त सैन्यापुरता नाही. रात्री किंवा रविवारी आळीपाळीने उघडं राहणारं औषधांचं दुकान म्हणजे 'फार्मसी द गार्द'. लहान मुलांचं पाळणाघर म्हणजे 'गार्देरी'. कपडे सांभाळून ठेवायचं कपाट म्हणजे 'गार्द-रोब'. सैन्याच्या सगळ्यात पुढे चालणारी तुकडी म्हणजे 'आव्हाँ-गार्द'. पुढे हाच शब्द काळाच्या पुढे असलेल्या चित्रकार-लेखकांसाठी वापरला जाऊ लागला.

पण फ्रेंचांनीही तो उसनाच घेतलाय. फ्रान्सवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांची भाषा जर्मन कुळातली होती. त्यांच्या भाषेतल्या, 'लक्ष ठेवणं' अशा अर्थाच्या शब्दाची सुरुवात 'व' ने व्हायची. फ्रेंचांनी या 'व' चा 'ग' केला. म्हणूनच इंग्रजीतला विल्यम फ्रेंचमध्ये 'गियोम' होतो.

इंग्रजीत मात्र दोन्ही रूपं आहेत. स्वतःचं जुनं 'वॉर्ड' आणि फ्रेंचांकडून आलेलं 'गार्ड'. म्हणजे महापालिकेचा वॉर्ड, घाटी रुग्णालयातला वॉर्ड आणि सोसायटीच्या गेटवरचा गार्ड, हे सगळे एकाच कुळातले. कपड्यांचं 'वॉर्डरोब' म्हणजे 'गार्द-रोब'चंच दुसरं रूप. इतकंच काय, 'अवॉर्ड' हा शब्दही याच घरातला आहे.

मग हा शब्द औरंगाबादला कसा आला?

१७४८ मध्ये पहिला निजाम आसफजाह वारला. त्याची कबर औरंगाबादजवळ खुलताबादला आहे. त्याच्यामागे गादीसाठी भांडण लागलं. या भांडणात इंग्रज आणि फ्रेंच या दोन्ही कंपन्या उतरल्या. फ्रेंचांचा गव्हर्नर होता पाँडिचेरीचा डुप्ले. त्याने आपला एक सरदार निजामाच्या फौजेसोबत पाठवला. त्याचं नाव मार्की द बुसी.

वाटेतच, फेब्रुवारी १७५१ मध्ये, फ्रेंचांचा उमेदवार मुजफ्फरजंग मारला गेला. बुसीने लगेच आसफजाहचा मुलगा सलाबतजंग याला गादीवर बसवलं आणि त्याला घेऊन तो निघाला. मुक्काम होता औरंगाबाद. कारण तेव्हा निजामाची राजधानी हैदराबाद नव्हती, औरंगाबाद होती. ती हैदराबादला गेली १७६३ मध्ये.

जून १७५१ मध्ये बुसी औरंगाबादला पोहोचला. सोबत सुमारे ३०० युरोपीय सैनिक आणि २,००० च्या आसपास देशी शिपाई. लाखभर फौजा फिरवणाऱ्या त्या काळात हा आकडा किरकोळ होता. पण या शिपायांची गोष्ट वेगळी होती.

या शिपायांमध्ये असं काय होतं?

दख्खनमध्ये तोवर लढाई म्हणजे मुख्यतः घोडदळ. प्रत्येक सरदार आपापली पथकं घेऊन यायचा. घोडा स्वाराचा, तलवार स्वाराची. पायदळाला फारसा मान नव्हता.

बुसीचे शिपाई पायदळाचेच, पण कवायती. सगळ्यांकडे एकसारख्या बंदुका आणि पुढे संगीन. हुकूम झाला की रांग उभी राहणार, हुकूम झाला की एकदम बार काढणार, एक रांग बंदूक भरेपर्यंत दुसरी झाडणार. सोबत पटापट हलवता येणाऱ्या हलक्या तोफा. असं पायदळ न फुटता उभं राहिलं तर घोडदळाला त्याच्या जवळ जाणं अवघड व्हायचं.

१७५१ च्या अखेरीस नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने याचा अनुभव घेतला. सलाबतजंग आणि बुसी पुण्याच्या रोखाने निघाले होते. चंद्रग्रहणाच्या रात्री मराठ्यांची छावणी बेसावध असताना बुसीने तिच्यावर छापा घातला. पेशव्यांना तिथून निसटावं लागलं. पुढे तह झाला, पण पुण्याला जे समजायचं ते समजलं होतं. असं पायदळ आपल्याकडेही हवं.

या कवायती पायदळाला नाव पडलं 'गारद'. आणि गारदेतला शिपाई तो 'गारदी'. शिकार करणारा शिकारी, तसा गारदेतला गारदी.

गारदी ही जात होती की जमात?

सोशल मीडियावर या प्रश्नाची बरीच ठाम उत्तरं सापडतात. कुणी म्हणतं ही एक जमात होती, कुणी म्हणतं एका विशिष्ट धर्माचे लोक होते. हा गोंधळ जुना आहे. १७८८ च्या एका इंग्रजी शब्दसंग्रहातही 'विजापूरकडे राहणारी, चांगलं पायदळ पुरवणारी एक जमात' असाच अर्थ दिला होता.

पण गारदी ही नोकरी होती. इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. नारायणरावांच्या खुनात ज्याचं नाव पहिलं येतं तो सुमेरसिंग गारदी. त्याच्यासोबत खरकसिंग होता आणि महंमद इसफही होता. गारदेत तेलुगू मुलखातले लोक होते, उत्तरेतले होते, अरब आणि हबशी होते. आजच्या भाषेत सांगायचं तर 'कमांडो' म्हटल्यावर जात कळत नाही, तसंच 'गारदी' म्हटल्यावरही कळत नव्हती.

बायकासुद्धा होत्या. हैदराबादच्या निजामाकडे जनान्याच्या पहाऱ्यासाठी बायकांची कवायती पलटण होती, तिचं नाव 'जफर पलटण'. या बायकांना 'गारदनी' म्हणायचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने या बायकांच्या पलटणीही आलेल्या होत्या. खर्डा म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं गाव.

सगळा खेळ पगाराचा

गारद्यांचं आणखी एक वेगळेपण होतं. त्यांना रोख पगार लागायचा, तोही दरमहा.

जुन्या सरंजामी फौजेत सरदाराला जहागीर मिळायची, त्यातून तो आपली माणसं पोसायचा. पगार वर्षानुवर्षं थकला तरी गाडा चालायचा. गारद्याकडे ना जमीन, ना घोडा. त्याच्याकडे फक्त कसब होतं. ते जो विकत घेईल त्याच्यासाठी तो उभा राहायचा.

हे ओझं किती मोठं होतं याचा पुरावा औरंगाबादमध्येच सापडतो. बुसीच्या फौजेचा पगार भागेना म्हणून १७५३ च्या अखेरीस सलाबतजंगने फ्रेंचांना आंध्रच्या किनाऱ्यावरचे चार अख्खे सरकार, म्हणजे चार मोठे प्रांत, तोडून दिले. तो करार औरंगाबादमध्ये झाला. पायदळ बाळगण्यासाठी समुद्रकिनारा द्यावा लागला.

१७५८ मध्ये याच शहरात या राजकारणाचा रक्तरंजित शेवट झाला. मे महिन्यात सलाबतजंगचा भाऊ निजामअली याने बुसीचा दिवाण हैदरजंग याला मारलं. त्यानंतर उसळलेल्या दंग्यात शाहनवाजखानही मारला गेला. मुघल सरदारांची चरित्रं सांगणारा 'मआसिर-उल-उमरा' हा प्रसिद्ध फारसी ग्रंथ त्याचाच. काही आठवड्यांत फ्रेंचांनी बुसीला परत बोलावलं. बुसी गेला, पण त्याने तयार केलेली माणसं दख्खनमध्येच राहिली. आता ती कुणाची?

परतूर ते पानिपत

त्यातलं सगळ्यात मोठं नाव इब्राहिमखान. बुसीच्या हाताखाली तयार झालेला. तो पुढे निजामअलीकडे गेला. १७५७ च्या अखेरीस सिंदखेडला मराठ्यांशी लढाई झाली तेव्हा तो निजामअलीच्या बाजूने होता. नंतर निजामअलीने त्याला कमी केलं आणि सदाशिवराव भाऊंनी त्याला ठेवून घेतलं.

हा निर्णय सोपा नव्हता. बुसीच्याच तालमीतला मुजफ्फरखान हा दुसरा गारदी आधी पेशव्यांकडे होता आणि १७५९ मध्ये त्याने भाऊंवरच हल्ला घडवून आणल्याचं प्रकरण ताजं होतं. तरी भाऊंनी इब्राहिमखानवर भरवसा टाकला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्यात त्याच्या तोफा आणि बंदुका होत्या. महिनाभरात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, मराठ्यांची फौज उत्तरेकडे निघाली. गारदी सोबत होते.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं हे काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय. तो शत्रूपक्षातल्या शुजाउद्दौलाच्या नोकरीत होता, त्यामुळे मराठ्यांचं कौतुक करायची त्याला गरज नव्हती. तो सांगतो की लढाईच्या दिवशी इब्राहिमखान भाऊंकडे गेला. माणसांच्या पगारासाठी मी सतत मागे लागतो म्हणून तुम्ही माझ्यावर नाराज असता, या महिन्यात तर पगार मिळालेलाच नाही, पण आजवर घेतलेला पगार फुकट नव्हता हे आज दाखवतो, अशा अर्थाचं तो बोलला.

आणि त्याने ते दाखवलं. मराठ्यांच्या डाव्या बाजूला आठ-नऊ हजार गारदी होते. ते संगिनी लावून रोहिल्यांवर चालून गेले आणि त्यांची फळी फोडली. दिवस संपेपर्यंत गारद्यांतले फारच थोडे उरले. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला.

म्हणजे १७६१ मध्ये मराठी माणसाने 'गारदी' हा शब्द ऐकला असता तर त्याच्या डोळ्यांसमोर पगार थकलेला असूनही जागचा न हललेला शिपाई उभा राहायला हवा होता.

मग शब्द बदनाम कधी झाला?

साडेबारा वर्षांनी. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पुण्यात गणेशोत्सव सुरू होता. शनिवारवाड्यात पहाऱ्यावर असलेले गारदी दुपारी आत घुसले. सबब काय? थकलेला पगार.

त्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गाठलं. नारायणराव काका राघोबादादांच्या महालाकडे पळाले. तिथेच त्यांना मारलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवलं. आनंदीबाईंनी 'धरावे' मधल्या 'ध' चा 'मा' केला ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. ती दंतकथा असो वा सत्य, पण त्या गोष्टीतून राघोबा, आनंदीबाई आणि 'गारदी' ही तीन नावं मराठी मनात पक्की बसली.

तेव्हापासून मराठीत 'गारदी' म्हणजे आपल्याच धन्यावर हत्यार उचलणारा, पैशासाठी कुणालाही मारणारा. पानिपतावरचे हजारो गारदी या अर्थातून गळून पडले. उरले ते शनिवारवाड्यातले मूठभर.

पण शब्द नक्की फ्रेंचच कशावरून?

अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. दावेदार चार.

पहिला, अरबी. 'सियार-उल-मुताखरीन' या फारसी इतिहासाचं अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत भाषांतर झालं. भाषांतरकार हाजी मुस्तफा. त्याची टीप अशी की पश्चिम किनाऱ्यावरचे अरब आणि हबशी स्वतःला 'गरबी' म्हणजे पश्चिमेकडचे म्हणवत. त्यांच्या पलटणींचं नाव बिघडत 'गारदी' झालं. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशाच्या लेखकांनाही हे शक्य वाटलं होतं.

यात एक अडचण आहे. 'गरबी'वरून फार तर 'गारदी' हा शब्द लागतो. पण मराठीत आणि हिंदीत नुसता 'गारद' हाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ पहारा, पहारेकऱ्यांची तुकडी. हिंदीत 'गारद में रखना' म्हणजे पहाऱ्यात ठेवणं. हा अर्थ थेट 'गार्द'शी जुळतो, पश्चिम दिशेशी नाही.

दुसरा, पोर्तुगीज. त्यांचा शब्द 'ग्वार्दा'. पोर्तुगीज कोकणात फ्रेंचांच्या कितीतरी आधी आले आणि त्यांनी मराठीला पाद्री, बटाटा, इस्पितळ असे शब्द दिले. पण 'ग्वार्दा'तला 'व' मराठी शब्दात कुठेच दिसत नाही.

तिसरा, इंग्रजी. इंग्रजी 'ड' मराठीत सहसा 'ड' च राहतो. डॉक्टर, बोर्ड, गार्ड. 'गारद' मध्ये मात्र दातांना जीभ लावून म्हणायचा 'द' आहे, जसा फ्रेंचमध्ये असतो. अर्थात हा नियम काटेकोर नाही. इंग्रजी 'ऑर्डर्ली'चं 'अर्दली' झालंच, आणि पोर्तुगीज 'बताता'चं 'बटाटा'.

त्यामुळे नुसत्या उच्चारावरून निकाल लागत नाही. पण त्याला इतिहास जोडला की चौथ्या, म्हणजे फ्रेंच दाव्याचं पारडं जड होतं. दख्खनमध्ये आणि पुण्याच्या दरबारात गारदी म्हणून गाजलेले पहिले मोठे सरदार, मुजफ्फरखान आणि इब्राहिमखान, दोघेही बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झाले होते.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं आणि त्यांचा 'गार्ड' आला. म्हणजे एकच शब्द मराठीत दोनदा शिरला. एकदा फ्रेंच वेशात 'गारद', दुसऱ्यांदा इंग्रजी वेशात 'गार्ड'. रेल्वेने मात्र जानेवारी २०२२ मध्ये गार्डांचं पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं.

'१२० धावांत गारद' मग कुठून आलं?

हाच तो अपवाद. 'गारद होणे', म्हणजे नष्ट होणं, आडवं होणं, याचा पहाऱ्याशी काही संबंध नाही. हा शब्द अरबी-फारसी 'गारत'वरून आला. अर्थ लूट, नासधूस. हिंदी-उर्दूत 'गारत करना' आजही वापरतात. मराठीत 'त' चा 'द' झाला आणि दोन परके शब्द जुळ्या भावांसारखे दिसायला लागले.

आणखी एक फसवा नातेवाईक आहे. 'गर्दी'. पानिपतावरून मराठीत 'भाऊगर्दी' हा शब्द आला आणि त्याच लढाईत गारदीही होते, त्यामुळे दोन्ही एकच वाटू शकतात. पण 'गर्दी' फारसी आहे. तेव्हा त्याचा अर्थ धामधूम, गोंधळ असा होता. माणसांचा घोळका हा अर्थ नंतरचा.

जगात हा शब्द कुठे कुठे आहे?

थोडक्यात पाहू.

• आयर्लंड : इथल्या पोलीस दलाचं नाव 'गार्दा शीखाना', म्हणजे शांततेचे राखणदार. १९२२ मध्ये स्थापन झालं, १९२३ पासून हे नाव. एक पोलीस असेल तर 'गार्दा' आणि अनेक असतील तर आयरिश भाषेत त्याचं अनेकवचन होतं, चक्क 'गारदी'. डब्लिनमध्ये चोरी झाली की लोक गारद्यांना बोलावतात.

• रशिया : 'ग्वार्दिया' म्हणजे निवडक, मानाची फौज. आणि 'गार्देरोब' म्हणजे नाटकगृहात किंवा संग्रहालयात कोट ठेवायची जागा.

• तुर्की : 'गार्दियान' म्हणजे तुरुंगातला पहारेकरी.

• इराण : फारसीने आधुनिक काळात फ्रेंचकडून 'गार्द' घेतला. शहाच्या काळातल्या त्याच्या खास रक्षक दलाला 'गार्द-ए-जाविदान' म्हणजे अमर गार्द म्हणत.

• पोर्तुगाल : 'ग्वार्दा-शुव्हा' म्हणजे पावसापासून राखणारी. अर्थात छत्री.

• इंडोनेशिया : 'गार्दा तर्देपान' म्हणजे आघाडीची फळी. कोविडच्या काळात तिथे डॉक्टर आणि नर्सना हेच म्हटलं गेलं.

सगळीकडे अर्थ थोडा बदलतो. पोलीस, कपाट, छत्री, नर्स. पण राखण हा गाभा कुठेच सुटत नाही. तो सुटला फक्त मराठी 'गारदी'त. राखणाऱ्यासाठी असलेला शब्द मारणाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला.

मग शिवजयंतीच्या 'गारदे'चं काय?

राजाच्या आगमनावेळी त्याच्या पदव्या पुकारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याला बिरुदावली म्हणतात, भालदार-चोपदारांची ललकारी म्हणतात. फारसी दरबारी भाषेत पदव्यांना 'अल्काब' म्हणायचे. 'गारद' हा शब्द या अर्थाने अलीकडे रुळलाय. कोशांमधला 'गारद' म्हणजे पहारेकऱ्यांची तुकडी. राजाला सलामी देणारी तुकडी ती गारद, आणि मग त्या सलामीच्या वेळी होणारी घोषणा तीही गारद, असा हा अर्थ सरकला असावा. पोलिसांची 'सलामी गारद' आपण आजही म्हणतोच.

यावरून कुणी म्हणेल, महाराजांच्या घोषणेला परका शब्द कशाला? पण मग पलटण, काडतूस, तोफ, बंदूक हेही शब्द सोडावे लागतील. यातले पहिले दोन युरोपातून आले आणि नंतरचे दोन तुर्की-अरबीच्या वाटेने. देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. आपल्याकडचा 'शिपाई', जो मुळात फारसीतून आलेला, तो पोर्तुगीजांच्या मार्फत फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे 'सिपाय' झाला. फ्रेंच कोशात तो आजही आहे.

शब्द परका आहे की नाही यापेक्षा कुणाला 'गारदी' म्हणताना आपण काय म्हणतोय हे माहीत असणं महत्त्वाचं. कारण या एकाच नावाने शनिवारवाड्यात सुमेरसिंग ओळखला जात होता आणि पानिपतावर इब्राहिमखानही. पगार दोघांचाही थकलेला होता.